सावरडो स्टार्टर: तिसऱ्या दिवशी फसफसला, पाचव्या दिवशी गप्प झाला? फेकू नका!

कोंड्याचा मांडा

उन्हाळा लागला की पाककृती विभागात "माझा स्टार्टर मेला का?" हा प्रश्न येतोच. दर धाग्यावर तेच उत्तर टंकून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच इथे लिहिते. अगदी नव्यांसाठी: सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता, आंबवलेल्या पिठावर फुगवलेला आंबूस पाव, आणि स्टार्टर म्हणजे त्याचं विरजण, बरणीत सांभाळलेलं आंबवलेलं पीठ-पाणी. यूट्यूबवरची बहुतेक वेळापत्रकं २१-२२ अंशांच्या घरात बसून केलेली असतात. पुण्यात एप्रिलमध्ये माझ्या ओट्यावर ३३ अंश असतात. त्यांचा चौथा दिवस आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी उजाडतो, आणि नवा माणूस नेमका तिथे गडबडतो.

लागतं काय? गिरणीतून दळून आणलेली, न चाळलेली कणीक, पाणी, काचेची बरणी, एक रबरबँड (पीठ कुठवर होतं त्याची बरणीवर खूण करायला) आणि डिजिटल वजनकाटा. काटा नसेल तर आधी तो घ्या. वाटी-चमच्याने कणीक कधी दाबून भरली जाते, कधी भुरभुरीत, आणि मग "माझंच का पातळ झालं" सुरू होतं. मैद्याने सुरुवात करू नका. आपल्याला हवे असलेले यीस्ट आणि जिवाणू गव्हाच्या सालीला चिकटून येतात, आणि मैद्यात ती सालच नसते.

पहिल्या दिवशी ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी. आपली चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, त्यामुळे गोळा फार घट्ट वाटला तर आणखी १० ग्रॅम घाला. भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, पण चमच्यावरून सावकाश खाली पडेल इतपत. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. झाकण नुसतं वर टेकवा, फिरकी आवळू नका. फडकं बांधलं तर वर साय धरते आणि चिलटं येतात ती वेगळीच. सकाळ-संध्याकाळ एकदा ढवळायचं.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा: त्यातलं २५ ग्रॅम ठेवायचं, बाकी काढून टाकायचं, वर २५ ग्रॅम कणीक आणि २५ ग्रॅम पाणी. यालाच स्टार्टरला खाऊ घालणं म्हणतात. बरणी बदलायची गरज नाही, कडा पुसून घ्या. पहिल्या आठवड्यातलं काढलेलं पीठ खाऊ नका, कुंडीत किंवा खतात जाऊ दे. त्यात कोण कोण वाढतंय याचा अजून भरवसा नसतो. शिवाय कच्चं पीठ हे कच्चंच, चाटून बघायच्या फंदात पडू नका.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीत धमाल उडते. पीठ दुप्पट होतं, कधी झाकणाला लागतं. लोक आनंदाने फोटो टाकतात. ते यीस्ट नसतं. आणि मग एक-दोन दिवसांत सगळं शांत: ना बुडबुडे, ना फुगवटा, वर थोडं पाणी सुटलेलं. इथेच निम्म्या बरण्या बेसिनमध्ये रिकाम्या होतात. प्रत्यक्षात काम तेव्हाच सुरू झालेलं असतं.

---

रिकामटेकडा

कोपऱ्यावर गरम लादी मिळत असताना हे उपद्व्याप कशासाठी, एवढं कोणीतरी सांगा. बाकी धागा वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

निळी छत्री

अगदी वेळेवर धागा! माझी बरणी आज तिसऱ्या दिवसावर. ठाण्यात आहे, दमट हवा. काल रात्री रबरबँडच्या वर तीन बोटं गेलेलं, आज सकाळी झाकण उघडलं तर वास... कसा सांगू, लहान बाळाने दूध उलटवल्यावर येतो तसा. नवरा म्हणतोय नासलंय. आई म्हणते आंबलंय. कोणाचं ऐकू?

---

कोंड्याचा मांडा

@निळी छत्री, आईचं ऐका. 😀

हा वास अपेक्षित आहे. ल्युकोनोस्टॉक नावाचा एक जिवाणू गट आहे, तो कणकेत आधी उसळतो आणि भरपूर वायू सोडतो. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं ते मुख्यतः याच गटामुळे, तिथे यीस्टची फारशी गरज लागत नाही. इडलीला तो एका रात्रीपुरता पुरतो. आपल्या बरणीत त्याच्यासोबत आणखीही वासाचे पाहुणे असतात. पण ही मंडळी स्वतःच आम्ल तयार करतात आणि आंबटपणा वाढला की त्यांना तो सोसत नाही. मग ती मागे पडतात, जास्त आंबट सहन करणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू पुढे येतात, आणि आंबटपणा पुरेसा झाला की यीस्ट जागं होतं. मधली शांतता म्हणजे हीच पाळी बदलणं.

म्हणून त्या शांत दिवसांत घाबरून दिवसातून तीनदा पीठ घालू नका. दर वेळी ताजी कणीक घातली की आंबटपणा पातळ होतो आणि यीस्टची वेळ आणखी लांबते. रोज एकदा पुरे. तेही पीठ अगदीच निर्जीव दिसत असेल तर एक दिवस नुसतं ढवळा, काही घालू नका.

हा टप्पा टाळायचा असेल तर एक उपाय आहे: पहिले दोन-तीन दिवस पाण्याऐवजी बिनसाखरेचा अननसाचा रस. रस मुळातच आंबट, त्यामुळे ल्युकोनोस्टॉकला उसळायला वावच मिळत नाही. एका अमेरिकन सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंनी हे प्रयोग करून मांडलं होतं आणि ते चालतं. मला स्वतःला गरज वाटत नाही. घाण वास सोसायची तयारी असेल तर पाणीच बरं.

---

लोणावळा चिक्की

मस्त माहिती. एक बाळबोध शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा चमचाभर दही किंवा आंबवलेलं इडलीचं पीठ विरजण म्हणून घातलं तर? आपल्याकडे तर रोजचंच आहे.

---

कोंड्याचा मांडा

@लोणावळा चिक्की, बाळबोध मुळीच नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात येतं. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेवर पोसलेले, कणकेत त्यांचा जीव रमत नाही. चमचाभर दह्याने पहिल्या दिवशी आंबटपणा थोडा वाढेल एवढंच. इडलीच्या पिठातून तुम्ही जास्त करून तोच ल्युकोनोस्टॉक आणणार जो चार दिवसांत जाणार आहे. मनुका, द्राक्षं, कांद्याची साल असलेही प्रकार सांगतात. काहीच लागत नाही, कणकेत हवं ते सगळं आहे. चिमूटभर बाजारचं यीस्ट घालणाऱ्यांना मात्र माझा विरोध. फेस लगेच येतो, पण तो फेस स्टार्टर झाल्याचा पुरावा नसतो. आंबटपणा वाढल्यावर ते यीस्ट बहुधा टिकत नाही आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

---

बर्फाळ वाडा

कॅलगरीहून नमस्कार. तुमच्या उलट रडगाणं. आमच्याकडे जानेवारीत रात्री हीटर कमी केला की स्वयंपाकघर १७ अंशांवर. ढिम्म हलत नाही बरणी. शेवटी ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावला आणि बरणी आत ठेवली. तिथे साधारण २५-२६ होतात. नवशिक्यांना एकच सांगणं: ओव्हनच्या बटणावर "आत बरणी आहे" अशी चिठ्ठी चिकटवा. घरात दुसरं माणूस असेल तर ते पिझ्झासाठी ओव्हन पेटवणारच.

---

कोंड्याचा मांडा

@बर्फाळ वाडा, चिठ्ठी जबरी!

तापमानाचं थोडं सविस्तर सांगते. स्टार्टरमधलं यीस्ट साधारण २५ ते २८ अंशांत खूश असतं. त्याच्या वर गेलं की जिवाणूंचा वेग वाढत राहतो आणि यीस्ट मागे पडतं. म्हणून नागपूर-जळगावकडच्या लोकांचा स्टार्टर मे महिन्यात आंबट ढाण होतो पण फुगत नाही. उपाय सोपे आहेत. माठातलं पाणी वापरा. पसरट परातीत पाणी घालून त्यात बरणी उभी करा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. आणि स्टार्टर तयार झाल्यावर खायला जास्त द्या: १० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. उन्हाळ्यात समसमान खाऊ घातलं तर तीन-चार तासांत फस्त होतं आणि उरलेला दिवस बरणी उपाशी.

उपाशी बरणी ओळखायची कशी? वर काळपट-करडं पाणी येतं आणि नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा. दोन्ही वेळा बरणी मेलेली नाही. पाणी ओतून द्या किंवा आत ढवळा, आणि खाऊ घाला.

---

पोईवाली

मडगावहून. आमच्याकडे हे सगळं माडावरून उतरायचं! पदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पिठात सूर (माडाची ताडी) घालायचे. सकाळी रेंदेराने (माडावर चढून सूर काढणाऱ्याने) उतरवलेली ताजी सूर, तिच्यात नैसर्गिक यीस्ट इतकं जोमाचं की वेगळा स्टार्टर सांभाळायची गरज नाही. रोज नवा माल. त्यामुळे त्या पावाला सावरडोचा आंबटपणा नसायचा, सुरेचा किंचित गोडसर वास असायचा. आता माडावर चढणारे कमी झाले, सूर महाग आणि दुर्मीळ, म्हणून बहुतेक भट्ट्यांत बाजारचं यीस्टच चालतं. सान्नां (इडलीसारखा प्रकार) करायला मात्र आम्ही अजून सूर शोधत फिरतो. तिकडे वसईचे लोकही फुग्यांना (तळलेल्या गोल पावांना) ताडी घालतात.

---

रिकामटेकडा

@पोईवाली, आता या धाग्यात मला रस निर्माण झाला आहे. पिठात घालून उरलेल्या सुरेचं काय करतात?

---

पोईवाली

@रिकामटेकडा, उरत नाही. 😉

---

सुगरण नाही

सावरडोत ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नसतं म्हणून गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना चालतो असं एका ग्रुपवर वाचलं. साखरही वाढत नाही म्हणे. माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक (ग्लूटेन न चालणारा आतड्याचा आजार) आहे, तिच्यासाठी करायला घेतेय.

---

नाडीपरीक्षा

@सुगरण नाही, कृपया थांबा. भाचीला हा पाव अजिबात देऊ नका. आंबवताना ग्लूटेनचा काही भाग तुटतो हे खरं, पण उरलेलं सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या आतड्याला इजा करायला भरपूर असतं. गव्हाचा सावरडो हा गव्हाचाच पाव. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार, त्यांनाही चालत नाही. भाचीसाठी करायचंच तर गहू न शिवलेली वेगळी बरणी, वेगळा चमचा, वेगळं पीठ, आणि ज्वारी-तांदळाचा स्टार्टर. घरच्या गिरणीत गहू दळला असेल तर तेही पीठ नको.

साखरेबद्दल: साध्या मैद्याच्या पावापेक्षा रक्तातली साखर थोडी सावकाश वाढू शकते. म्हणून मधुमेह्यांनी चार स्लाइस खाव्यात असा अर्थ होत नाही. ग्रुपवरच्या फॉरवर्डांना माझा कोपरापासून नमस्कार.

---

सुगरण नाही

बरं झालं विचारलं. वहिनीला आत्ताच फोन करते. ज्वारीचं वेगळं करीन.

---

श्वार्झवाल्डची साळू

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इथे राय नावाच्या धान्याचा स्टार्टर घरोघरी. गंमत म्हणजे रायच्या पावाला आंबवणं ही चैन नाही, गरज आहे. राय पिठात स्टार्च तोडणारी विकरं (एन्झाइम) फार सक्रिय असतात. आंबटपणाने त्यांना आवर घातला नाही तर पाव आतून चिकट राहतो, सुरीला लगदा लागतो. जर्मनीने आपली पाव-संस्कृती २०१४ मध्ये देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली आहे, यावरून काय ते समजा. कोणाचा गव्हाचा स्टार्टर ढिम्म असेल तर एक-दोन वेळा राय घालून बघा, लगेच तरतरी येते. भारतात राय शोधत बसू नका, नाचणी चमचाभर घातली तरी फरक पडतो असं माझ्या बहिणीचं म्हणणं.

---

कोंड्याचा मांडा

@श्वार्झवाल्डची साळू, बहिणीला दुजोरा. नाचणीने माझीही बरणी खुलते. फक्त जास्त घातली तर फुगलेलं दिसत नाही, कारण वायू धरून ठेवायला ग्लूटेन नाही. बुडबुडे येतात आणि फुटून जातात. काम चालू असतं, रबरबँडला पत्ता नसतो.

---

तर्कटराव

एक आक्षेप. धाग्यात कुठेही "हवेतलं यीस्ट पकडा" लिहिलेलं नाही. सगळीकडे तर तेच सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोचा पाव दुसरीकडे होत नाही तो तिथल्या धुक्यामुळे, हे प्रसिद्ध आहे.

---

कोंड्याचा मांडा

@तर्कटराव, मुद्दाम लिहिलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १८४९ पासून चाललेली बेकरी आहे हे खरं. तिथल्या पावातल्या जिवाणूला १९७१ मध्ये त्या शहराचंच नाव मिळालं. कॅलिफोर्नियातल्या सरकारी प्रयोगशाळेत दोन संशोधकांनी दाखवलं की हा जिवाणू पिठातली माल्टोज साखर खातो, आणि त्याच्या शेजारचं यीस्ट नेमकं माल्टोजला शिवत नाही. ताटावरून भांडण नाही, म्हणून जोडी वर्षानुवर्षं टिकते. पण पुढे तोच जिवाणू इटलीत, जर्मनीत, कुठे कुठे सापडला. धुक्याची गोष्ट तिथेच संपते.

२०२१ मध्ये चार खंडांतल्या ५०० घरगुती स्टार्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठल्या गावचा स्टार्टर यावरून आत कोण आहे हे फारसं ओळखता येत नाही, असंच त्यात दिसलं. पीठ, करणाऱ्याचे हात, तुम्ही कसं नि किती वेळा खाऊ घालता, यांचाही वाटा असतो. बेल्जियममध्ये सांक्ट फिट गावात प्युराटोस कंपनीचं स्टार्टरांचं ग्रंथालय आहे, २०१३ पासून. जगभरच्या शंभराहून जास्त बरण्या फ्रिजमध्ये ओळीने. तिथे प्रत्येक स्टार्टरला त्याच्या मूळ बेकरीतलंच पीठ खाऊ घालतात. पीठ बदललं की आतली वस्ती बदलू शकते, म्हणून एवढा खटाटोप.

---

तर्कटराव

हातांचा मुद्दा रोचक आहे. धुकं मागे घेतो. बाकीचे आक्षेप राखून ठेवतो.

---

रिकामटेकडा

धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) व्हायच्या आत कोणीतरी पावाचा फोटो टाका.

---

खपलीवाला

सांगलीकडचा शेतकरी. घरची खपली आहे. तिचा स्टार्टर झकास होतो, वासही गोड. पण पाव करायला घेतला की पोळीसारखा पसरतो. यूट्यूबवरच्यांचे पाव फुटबॉल होतात. आमच्या गव्हात काय कमी?

---

कोंड्याचा मांडा

@खपलीवाला, दादा, तुमच्या गव्हात काही कमी नाही, तो पावासाठी घडलेला नाही इतकंच. खपलीत प्रथिनं भरपूर असतात पण तिचं ग्लूटेन लवचीक नसतं, ताणलं की तुटतं. दुसरी गोष्ट चक्कीची. दगडी जात्यावर पीठ तापतं, स्टार्चचे कण जास्त चिरडले जातात. पोळीला ते उत्तम: पाणी पितं, पोळी मऊ राहते. सावरडोत मात्र चिरडलेला स्टार्च भराभर साखरेत मोडतो, आंबणं वेगात होतं आणि गोळा बसतो. परदेशी कृतीत "चार-पाच तास फुगू द्या" लिहिलं असेल तर आपल्या कणकेला उन्हाळ्यात त्याच्या निम्म्या वेळातच बघायला लागा.

स्टार्टर खपलीवरच ठेवा. पावाच्या पिठात तीन भाग मैदा आणि एक भाग खपली घेऊन बघा. ५०० ग्रॅम पिठाला १०० ग्रॅम स्टार्टर, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ. साच्यात भाजा, म्हणजे पसरायला जागाच मिळणार नाही. पुढचं सगळं वेगळ्या धाग्यात, इथे स्टार्टरपुरतंच राहू.

---

निळी छत्री

अपडेट! मधे सगळं थंडगार झालं होतं. नवऱ्याने दोनदा बरणी सिंकपाशी नेली, दोनदा परत आणली. आता खाऊ घातल्यावर चार-पाच तासांत दुप्पट होतंय. वास बदललाय: थोडा ताकाचा, थोडा पिकल्या सफरचंदाचा. बरणीच्या काचेवर, जिथपर्यंत चढून खाली आलं तिथे, पिठाची बारीक जाळी उरते. चमच्याने बाजूला सारलं तर आत भोकंच भोकं. पाण्यात थेंब टाकून पाहिला, तो बुडाला. म्हणजे झालंय की नाही?

---

कोंड्याचा मांडा

@निळी छत्री, अभिनंदन! थेंब तरंगण्याच्या परीक्षेला फार भाव देऊ नका. कणकेचा स्टार्टर चांगला असूनही बुडतो, उचलतानाच निम्मा वायू निघून जातो. सलग तीन वेळा खाऊ घातल्यावर ठरावीक वेळात दुप्पट झाला की झाला तयार. काचेवरची जाळी चांगली खूण आहे: किती वर गेला आणि कधी उतरला हे तीच सांगते. पावात घालायचा तो सगळ्यात वर असताना किंवा नुकता उतरायला लागल्यावर.

आता काढलेलं पीठ फेकू नका. त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, थोडं तांदळाचं पीठ घालून तव्यावर घावन. आमच्याकडे पावापेक्षा त्याचाच खप जास्त.

---

अर्धपोटी

माझ्या बरणीवर गुलाबी डाग दिसतायत, एका कडेला पांढरी लव. वरचा थर काढून खालचं वापरू का? दोन आठवड्यांची मेहनत आहे हो.

---

नाडीपरीक्षा

@अर्धपोटी, नाही. गुलाबी, नारिंगी डाग किंवा बुरशीची लव, कशाहीसाठी अख्खी बरणी टाका. वरून दिसते तेवढीच बुरशी नसते. बरणी साबणाने धुवा, उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात वाळवा.

---

कोंड्याचा मांडा

@अर्धपोटी, वाईट वाटलं. पुढच्या वेळी कडांना सुकलेलं पीठ राहू देऊ नका, कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी तिथूनच सुरू होते. आणि कमी प्रमाणात करा, बरणीत एकूण ६० ग्रॅम असलं तरी पुरतं. स्टार्टर तयार झाला की थोडा वाळवून ठेवा: बटर पेपरवर पातळ पसरायचा, पंख्याखाली दोन दिवस, उन्हात नाही. पापुद्रा कडकडीत झाला की चुरून डब्यात. बरणी गेली तर चमचाभर चुरा कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन दिवसांत परत उभा राहतो.

---

लोणावळा चिक्की

शेवटचा प्रश्न. मेमध्ये तीन आठवडे गावी जायचंय, शेजारीणबाईंना हे प्रकरण समजावणं शक्य नाही. बरणी एसटीतून नेऊ?

---

कोंड्याचा मांडा

@लोणावळा चिक्की, एसटीत मुळीच नको. उन्हात झाकण उडालं तर शेजारच्याच्या धोतरावर सावरडो. निघायच्या दिवशी घट्ट करा: २० ग्रॅम स्टार्टर, १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम पाणी, पोळीच्या कणकेपेक्षाही घट्ट गोळा. बाहेर फक्त तासभर, मग फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, झाकण सैल. तीन आठवडे आरामात काढतो. आल्यावर वरची सुकलेली साल काढा, आतला मऊ भाग २० ग्रॅम घ्या आणि दोन-तीनदा खाऊ घाला. आणि जाताना घरच्यांचा फ्रिज बंद करायचा बेत नाही ना, तेवढं विचारून ठेवा.